दहा हजारांत एक स्कायलाइन: छोटी घ्यावी, मोठी घ्यावी की स्वतः जोडावी?

भाच्याला पहिला दिवाळी बोनस मिळाला, त्यातले दहा हजार त्याने बाजूला काढले आणि मला फोन केला की मामा, मला निसान स्कायलाइन जीटी-आर आर34 या गाडीचं छोटं मॉडेल पाहिजे, पण हॉट व्हील्स आणि मिनी जीटीवाल्या छोट्या गोळा करू की एकच मोठी 1:18 (खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढी) घेऊ की टामियाचं किट आणून स्वतः बनवू, तू सांग. फोनवर सांगून झालं नाही म्हणून इथे नीट लिहितोय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात आणि घाईघाईत चुकीच्या जागी पैसे घालून मग दोन महिन्यांत सगळं विकायला काढतात, ते बघून खरंच वाईट वाटतं.

आर34 उदाहरणाला एकदम बरोबर आहे, कारण ती सगळ्याच साइजमध्ये मिळते. खरी गाडी 4.6 मीटर लांब. म्हणजे 1:64 ला साधारण 7 सेंटीमीटर, 1:43 ला पावणेअकरा, 1:24 ला 19 आणि 1:18 ला साडेपंचवीस. आकडे वाचून काही कळत नाही, एक काम करा, कागदावर या लांबीचे चौकोन काढून कापा आणि जिथे गाडी ठेवायचीय त्या फळीवर ठेवून बघा. साडेपंचवीस सेंटीमीटरच्या चार गाड्या बसवल्या की वन बीएचकेमधल्या टीव्हीखालच्या कपाटाचा एक खण संपला, हे आधी कळलेलं बरं.

पहिलं 1:64. यातही दोन वेगळी जगं आहेत. हॉट व्हील्सची साधी कार्डवरची गाडी दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास पडते, मॅटेलने 1968 मध्ये पहिल्या 16 गाड्या काढल्या तेव्हापासून ती मुळात खेळायची वस्तू आहे, आणि खरं तर ती नेमकी 1:64 नसतेच, गाडी ठरलेल्या पॅकमध्ये बसावी म्हणून लहान-मोठी केलेली असते, त्यामुळे ट्रक आणि छोटी हॅचबॅक शेजारी ठेवली की जवळजवळ सारख्याच दिसतात. मिनी जीटी मात्र स्केल पाळते, रबरी टायर, आरशांची कानं, दिव्यांचे वेगळे भाग, आणि किंमत हजार ते दीड हजार. हॉट व्हील्सच्या प्रीमियम सिरीज या दोघांच्या मधे. दहा हजारांत मिनी जीटीच्या सात-आठ गाड्या होतात, किंवा साध्या पन्नासेक.

पन्नास ऐकायला भारी वाटतं पण इथेच लोक फसतात. स्वस्त आहे म्हणून दिसेल ते उचलतात आणि वर्षभराने बघावं तर निम्म्या गाड्या अशा की ज्यांची नावंही आठवत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, 1:64 करायचं तर विषय ठरवा. फक्त स्कायलाइन, किंवा फक्त रॅलीच्या गाड्या, किंवा फक्त पोलिसांच्या. विषय ठरला की शोधायला मजा येते, आणि या साइजची खरी मजा शोधण्यातच आहे. ऑफिसवरून येताना सुपरमार्केटच्या खेळण्यांच्या रॅकसमोर पाच मिनिटं थांबायचं, मागची कार्डं पुढे घेऊन बघायचं, क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूने एक चक्कर टाकायची. हे ज्याला आवडतं त्याने 1:64 च करावं.

किमतीचं बोलायचं तर ट्रेझर हंट. 1995 पासून हॉट व्हील्स दरवर्षी काही गाड्या कमी संख्येत काढते, साध्या ट्रेझर हंटच्या कार्डवर गाडीमागे चंदेरी ज्वालेचं चिन्ह, आणि सुपर ट्रेझर हंट असेल तर सोनेरी चिन्ह, रबरी टायर, चकाकणारा स्पेक्ट्राफ्लेम रंग आणि गाडीवर कुठेतरी 'टीएच' अक्षरं. रॅकवर सापडली तर एमआरपीलाच मिळते, आणि दुकानदाराने एमआरपीपेक्षा जास्त घेणं कायद्यात बसतच नाही, पण तीच गाडी पुढे विकताना लोक हजारोंमध्ये भाव सांगतात. हा भाव बघून डोळे फिरवून घेऊ नका. कोणी काय मागतंय याला काही अर्थ नाही, शेवटी कितीला गेली तेवढंच बघा. शिवाय कंपनी त्याच साच्यातून पुन्हा नव्या रंगात गाडी काढू शकते, कारण पोलादी साचा बनवायलाच खर्च असतो आणि तो एकदा बनवला की वर्षानुवर्षं वापरतात, मग कालची दुर्मिळ गाडी आज तेवढी दुर्मिळ राहत नाही. मी स्वतः एका विक्रेत्याकडून घेतलेली 'सुपर' उघडून बघितली तर साध्या गाडीला दुसरी चाकं लावलेली होती आणि प्लास्टिकचा फुगा कार्डवर पुन्हा चिकटवलेला होता, कडेला गोंदाची रेष अंगठ्याला लागत होती. पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून फुग्याच्या कडांचे जवळून काढलेले फोटो मागवल्याशिवाय मी एक रुपया पाठवत नाही, तुम्हीही पाठवू नका.

आता 1:18. ही बघता क्षणी आवडते, दार उघडतं, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा हात लावतोच. बुरागो आणि मैस्टो (दोन्ही आता एकाच मे चिओंग ग्रुपच्या) तीन ते पाच हजारात, सॉलिडोची आर34 साधारण त्याच्या थोडी वर, आणि ऑटोआर्टची हवी असेल तर दहा हजार विसरा, त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा. फरक कुठे पडतो? दारांच्या फटीत बघा. स्वस्त गाडीत दार आणि बॉडीमधली फट एवढी असते की खऱ्या गाडीत तिथून हात आत गेला असता, आणि ऑटोआर्टमध्ये ती केसाएवढी. ऑटोआर्टने गेल्या काही वर्षांत धातूची बॉडी सोडून कंपोझिट (मुख्यतः प्लास्टिकची) बॉडी केली तेव्हा बरेच जुने लोक नाराज झाले, वजन नाही म्हणाले, पण माझ्या मते आपल्या हवेसाठी ते चांगलंच झालं.

कारण आपली हवा. डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू वितळवून साच्यात दाबतात, त्यात शिशासारखी अशुद्धता राहून गेली तर धातू आतून पोखरत जातो, दमट हवेत आणखी जोरात, आधी रंगाखाली बारीक फोड दिसतात, मग चीर आणि मग तुकडे. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच डिंकी (जुनी ब्रिटिश खेळणी कंपनी) गाड्या अशाच गेल्या. हल्लीच्या धातूत हे खूप कमी झालंय पण फोड आलेली नव्या काळातली मोठी गाडीही मी हातात घेतलीय, आणि ती परत नीट करायला काही उपाय नाही. मुंबई, कोकण, गोव्यात राहत असाल तर बंद काचेचं कपाट आणि आत सिलिका जेल हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा. विदर्भात उलटा त्रास, तिथे दमटपणा कमी पण मे महिन्यात बंद खोली अशी तापते की रेझिनची गाडी (जिची दारं उघडत नाहीत, वरून काचेसारखी गुळगुळीत असते ती) वाकू शकते. आणि ऊन कुठेही थेट पडू देऊ नका, लाल रंग सगळ्यात आधी उडतो.

म्हणजे 1:18 ला दहा हजारांत एक बऱ्यापैकी गाडी, एक कपाटाचा खण, आणि संपलं. विकायची झाली तर खोका आणि आतला थर्माकोल शाबूत पाहिजे, नाहीतर भाव धाडकन पडतो, आणि एवढा मोठा खोका कुरिअरने पाठवताना आरसा तुटला की भांडण. मी दोनच ठेवल्यात आणि तिसरी घेणार नाही.

आणि आता किट. खरं सांगतो, माझा जीव इथे आहे त्यामुळे जरा जास्त लिहिणार.

टामिया ही जपानच्या शिझुओकाची कंपनी, 1946 मध्ये लाकडाच्या वखारीपासून सुरू झाली आणि 1960 पासून प्लास्टिक मॉडेलमध्ये आली. आर34 चं 1:24 किट आपल्याकडे साडेतीन-साडेचार हजारात पडतं. पण खोका उघडला की आत गाडी नसते, चौकटीला चिकटलेले सुटे भाग असतात, त्या चौकटीला स्प्रू म्हणतात, आणि तिथून पुढे सगळं तुम्ही. पहिल्या वेळी हत्यारांचा खर्च किटएवढाच होतो हे कोणी आधी सांगत नाही. निपर (भाग चौकटीतून कापायची पक्कड), क्राफ्ट नाइफ, चिमटा, 400 पासून 2000 पर्यंतचे पाण्यात घासायचे सँडपेपर, हिरव्या झाकणाचं टामिया एक्स्ट्रा थिन सिमेंट, प्रायमरचा एक कॅन, रंगाचा एक, क्लिअरचा (वरून मारायच्या पारदर्शक थराचा) एक. माझा पहिला हिशोब किट धरून साडेआठ हजारांवर गेला होता. दुसऱ्या किटला फक्त किट आणि रंग लागतो, म्हणून एकच किट बनवून सोडून देणाऱ्याला हा छंद महाग आणि पाच बनवणाऱ्याला तिन्हीत सगळ्यात स्वस्त. पहिल्या आर34 ला मला शनिवार-रविवार मिळून दोन महिने लागले, साधारण 45 तास, म्हणजे एवढ्या पैशात 45 तासांची करमणूक दुसरी कुठली मिळते सांगा.

परदेशातून किट मागवायचं डोक्यात असेल तर आधी कस्टमचं गणित करा. खेळणी आणि स्केल मॉडेल कस्टमच्या यादीत एकाच 9503 क्रमांकाखाली येतात, आणि खेळण्यांवरची मूळ ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. त्यामुळे जपानमधली किंमत बघून हुरळून जायचं नाही, चालू दर लावून, पोस्टेज धरून मग इथल्या दुकानाशी तुलना करा, बहुतेक वेळा इथलंच बरं पडतं. स्प्रे कॅन तर मागवूच नका, ते विमानाने पाठवता येत नाहीत. इथे टामियाचा रंग मिळाला नाही तर गाड्यांचा रंग मिसळून देणाऱ्या दुकानात जा, ते लॅकर (थिनरवाला रंग) पातळ करून देतात, फक्त प्लास्टिकवर आधी प्रायमर पाहिजेच, नाहीतर थिनर बॉडी खातो.

सिमेंट म्हणजे फेव्हिक्विक नाही हेही सांगतो, कारण पहिली चूक सगळे इथेच करतात. सिमेंट प्लास्टिकला वितळवून दोन भाग एकजीव करतं, जोडावर ब्रश टेकवला की ते आपोआप फटीत ओढलं जातं. फेव्हिक्विक खिडकीच्या काचेजवळ लावलात तर काचेवर पांढरी धुरकट झाक बसते आणि पूर्ण गाडी वाया गेल्यासारखं वाटतं. आणि रंग पावसाळ्यात मारायचा नाही. मी ऑगस्टमध्ये हट्टाने बेसाइड ब्लू मारला आणि दहा मिनिटांत सगळ्या बॉनेटवर दुधासारखी साय आली, कारण लॅकर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी रंगातच अडकतं. नोव्हेंबरमध्ये सगळं घासून पुन्हा मारला तेव्हा कुठे तो निळा निळा दिसला.

किटची किंमत मात्र नीट समजून घ्या. न उघडलेलं, उत्पादन बंद झालेलं किट भाव धरून राहतं, कधी वाढतोही. पण बनवलेली गाडी विकायला गेलात तर बहुतेक वेळा किटचेही पैसे येत नाहीत, तुमच्या 45 तासांचे तर सोडाच. ज्यांचा हात खूपच साफ आहे ते ऑर्डरवर बनवून देतात, ते वेगळं. म्हणजे पैसे परत यायला हवे असतील तर किट नको. मला ते चालतं, कारण माझ्या फळीवरची आर34 जगात दुसऱ्या कोणाकडे नाही, तिच्या डाव्या दाराखाली डिकल (किटमधलं चिकटवायचं चित्र) एक मिलिमीटर तिरका आहे आणि तो मीच लावलाय.

1:43 राहिलं. ओ गेज नावाच्या खेळण्यातल्या रेल्वेशी जुळावं म्हणून जन्मलेली ही साइज, डिंकी आणि कॉर्गीने मोठी केली, युरोपात अजून जोरात आहे, आपल्याकडे दुकानात कमी दिसते. पण मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कधी 'निकी टॉईज' लिहिलेली गाडी दिसली तर उचला, डिंकीचे जुने साचे वापरून कलकत्त्यात बनलेल्या त्या गाड्या, आपल्या देशातला या छंदाचा तो खरा तुकडा आहे. आणि अ‍ॅम्बेसेडर, रिक्षा, लाल बस यांच्यासाठी सेंटी टॉईजची मागे ओढून सोडायची प्लास्टिकची गाडी अडीचशे-तीनशेत घ्या, सुटी करा, घासा, रंगवा, हात बसवायला यापेक्षा चांगलं काही नाही. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हापासून जुन्या फियाट 1100 चं मॉडेल शोधून तिला काळी-पिवळी करायचं माझ्या डोक्यात आहे.

तर भाच्याला मी हे सांगितलं. संध्याकाळी हात मोकळे असतात का, एका जागी दोन तास बसवतं का? बसवत असेल तर टामियाचं आर34 किट आणि सामान घे, साडेआठ हजार जातील, उरलेल्यात एक मिनी जीटीची आर34, रंग आणि दिव्यांची जागा बघायला समोर ठेव. बसवत नसेल, किंवा घरात लहान मूल आहे आणि रंगाचा वास चालत नाही, तर मिनी जीटीच्या सातच घे, सगळ्या स्कायलाइन, आर32 पासून. 1:18 आत्ता नको, नोकरीत दोनदा घर बदलणार आहेस, ती खोक्यातच राहील. आणि किटच घेणार असशील तर आधी सेंटीची एक गाडी रंगवून बघ, पण फेब्रुवारीच्या आत मुख्य रंग उरक, सध्याची हवा कोरडी आहे तोवर.