चेंबरला जाण्याआधी: हातात मावणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, आठ महिन्यांनंतर

आमच्या गेटवेचा पहिला नमुना चेंबरमध्ये, म्हणजे वस्तूतून किती रेडिओ गोंगाट बाहेर पडतो ते मोजणाऱ्या लॅबच्या बंद खोलीत, १५० मेगाहर्ट्झला नापास झाला आणि त्याच रात्री मी हे यंत्र मागवलं: कोणत्या फ्रीक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. मोबाइलपेक्षा थोडं जाड, चार इंची टचस्क्रीन, खाली केबल जोडायचे दोन एसएमए कनेक्टर. वीस हजारांच्या आत मिळालं. सोबत बोर्डाजवळ धरून गोंगाट हुंगायच्या चार प्रोबचा संच घेतला: तीन गोल कड्यांचे आणि एक बोथट टोकाचा. ब्रँड लिहीत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक यंत्रांना पुढचं सगळं लागू पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. भोसरीत आमचं लहानसं वर्कशॉप आहे. शेतातला ओलावा मोजणारे नोड बनवतो. ते लोरावर (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात आणि गेटवे तो डेटा इथरनेटने पुढे पाठवतो. हा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे, पण यंत्राला डब्ल्यूपीसी या सरकारी विभागाची ईटीए ही मंजुरी लागते आणि त्यासाठी आरएफ चाचणीचा अहवाल. ते काम फार त्रास न होता झालं. अडलो ते युरोपातल्या ग्राहकाने सीई, म्हणजे तिथे विकायला लागणारी खूण, मागितल्यावर.

वायरलेस वस्तू नापास झाली की सगळे आधी रेडिओकडे बोट दाखवतात. आमचा रेडिओ बिचारा निर्दोष होता. गोंधळ घालत होतं ते इथरनेट चिपचं ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक, आणि १५० म्हणजे त्याची तिसरी हार्मोनिक, तिप्पट फ्रीक्वेन्सीवरचा पडसाद. घरगुती वापराच्या वस्तूंसाठी, म्हणजे क्लास बी साठी, ३ मीटरवरून ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये मर्यादा आहे ४० डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. साध्या भाषेत मीटरला १०० मायक्रोव्होल्ट. आमचं आलं ४७, म्हणजे दुपटीहून जास्त. चेंबरमध्ये टर्नटेबल फिरतं, अँटेना १ ते ४ मीटर वर-खाली होते, आडवी-उभी दोन्ही मोजमापं होतात आणि मीटर तासावर चालू असतं. तिथे बसून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळत उपाय शोधणं म्हणजे रिक्षाचं मीटर चालू ठेवून पत्ता विचारत फिरणं. म्हणून हे यंत्र.

पहिले पंधरा दिवस मी स्वतःलाच फसवलं. कड्याचा प्रोब बोर्डावरून फिरवला की पडद्यावर टेकड्या उगवतात, आणि सगळ्यात उंच टेकडी पॉवर सप्लायच्या कॉइलवर दिसली. मग काय, कॉइल बदलली, तिच्यावर पत्र्याची डबी बसवली, कपॅसिटर हलवले. टेकडी बसली. मोठ्या आनंदाने परत चेंबरला गेलो. ४७ चे ४७.

कारण नंतर कळलं, म्हणजे पुस्तकात वाचलेलं होतंच, पण हाताला नंतर कळलं. प्रोबला जवळचं क्षेत्र दिसतं. बोर्डाला चिकटून कितीही आरडाओरडा असला तरी तो ३ मीटर दूर जायला अँटेना लागते, आणि अडीच इंची बोर्ड १५० मेगाहर्ट्झला फारच तोकडी अँटेना आहे. तिथे तरंगलांबी २ मीटर असते. टेबलावरून लोंबणारी मीटरभर इथरनेट केबल मात्र बरोबर अर्धी तरंगलांबी, म्हणजे अगदी मापात शिवलेली. यातला एक आकडा मी वर्कशॉपच्या फळ्यावर लिहून ठेवलाय: ५० मेगाहर्ट्झला एक मीटर केबलमधून एकाच दिशेने जाणारा अवघा ५ मायक्रोअँपिअर करंट ३ मीटरवर ४० ची मर्यादा गाठायला पुरतो. ५ मायक्रोअँपिअर! मल्टिमीटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

तेव्हापासून प्रोबचा संच खणात गेला आणि मी केबलवर लावायचा फेराइटचा चिमटा वापरायला लागले. त्याच्यावर पातळ तारेचे पाच वेढे घेतले, टोकाला एसएमए कनेक्टर सोल्डर केला, झाला करंट प्रोब. केबलवर तो सरकवत न्यायचा आणि सगळ्यात मोठा आकडा कुठे येतो ते बघायचं. माझ्या मते वीस हजारांच्या यंत्राची खरी किंमत या शंभर रुपयांच्या चिमट्याने वसूल झाली. दोष सापडला तो असा: इथरनेट जॅकचं धातूचं कवच चासिसला एका बारीक, लांबलचक ट्रेसने (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेने) जोडलं होतं. बोर्ड आखणाऱ्याने (मीच) ते सुबक दिसावं म्हणून कोपऱ्यातून वळवून नेलं होतं. कवच चारी बाजूंनी थेट टेकवलं, क्लॉकच्या वाटेत ३३ ओहमचा रेझिस्टर घातला. चिमट्यावर आकडा ११ डेसिबलने उतरला. पुढच्या फेरीत चेंबरमध्ये उतरला ९ ने. ३८. पास, पण धाकधूक ठेवून.

म्हणून कुणी विचारलं की हे यंत्र पास-नापास सांगतं का, तर नाही. माझे आकडे चेंबरच्या आकड्यांशी कधीच जुळले नाहीत. पण कालच्यापेक्षा आज बरं की वाईट, हे मात्र ते बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सांगतं. त्यासाठी एकच शिस्त लागते: केबल दर वेळी तशीच, तेवढीच लांब आणि टेबलावर त्याच जागी. मी चिकटपट्टीने खुणा करून ठेवल्यात.

आता हवेतल्या गर्दीबद्दल. अँटेना लावून मोजायला बसलात तर पुण्यात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ विसरा. ९८.३ आणि १०१ वर एवढे उंच खांब उभे असतात की त्यांच्या आसपास तुमची हार्मोनिक असली तरी दिसणार नाही. पुढे ९०० च्या वर मोबाइलचे टॉवर. शिवाय हे तगडे सिग्नल एकदम आत घुसले की स्वस्त यंत्र गांगरतं आणि नसलेली शिखरं दाखवायला लागतं. ती ओळखायची युक्ती सोपी आहे: मध्ये १० डेसिबलचा अ‍ॅटेन्यूएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक मापाने कमी करणारा तुकडा, घाला. खरा सिग्नल १० नेच उतरतो, खोटा त्याहून कितीतरी जास्त. हे आधी माहीत असतं तर एका नसलेल्या ३१२ मेगाहर्ट्झच्या मागे रविवार गेला नसता.

शेवटी आमच्या सोसायटीचं तळघरातलं पार्किंग हाच माझा चेंबर झाला. तिथे मोबाइलची रेंज येत नाही, एफएमही येत नाही. फक्त छताच्या एलईडी ट्यूब खालच्या फ्रीक्वेन्सीत भलताच कचरा ओततात, म्हणून त्या बंद करायला लागतात. वॉचमनकाकांनी पहिल्या रात्री विचारलं, "ताई, वायर कुठे जळतेय का?" आता ते स्वतःच स्विच पाडतात आणि स्कूटरवाल्यांना पाच मिनिटं वर थांबवून ठेवतात.

वायरीतून परत विजेच्या लाइनमध्ये जाणारा गोंगाट, १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ, हेही यावर बघता येतं, पण त्यासाठी लिझन लागतं, म्हणजे वस्तू आणि विजेची लाइन यांच्या मध्ये बसून तो गोंगाट मोजायला देणारी डबी. जुनं मिळालं. लावलं, आणि अख्ख्या मजल्याचा ईएलसीबी (अर्थमध्ये करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला. लिझनच्या आत लाइन आणि अर्थच्या मध्ये मोठे कपॅसिटर असतात. ८ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट अर्थमध्ये जातो, आणि ईएलसीबी ३० मिलिअँपिअरला पडतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि लिझनचं अर्थ पक्कं बोल्टने कसल्याशिवाय प्लग लावू नका. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये, अर्थ सुटलं तर त्याच्या डबीला हात लावणं जिवावर बेतू शकतं. दुसरं म्हणजे लिझन चालू-बंद करताना निघणारा झटका थेट यंत्राच्या इनपुटमध्ये जातो. माझं पहिलं यंत्र असंच गेलं. तिसऱ्या महिन्यात, माझ्याच घाईने. आता मध्ये झटका अडवणारा लिमिटर असतो, आणि सगळं चालू झाल्यावरच केबल जोडते.

कुरबुरी सांगायच्या तर बऱ्याच आहेत. चाचणीच्या नियमात ३० मेगाहर्ट्झच्या खाली ९ किलोहर्ट्झ आणि वर १२० किलोहर्ट्झची बँडविड्थ (एका वेळी मोजायच्या पट्ट्याची रुंदी) लागते, इथे १० आणि १०० वर भागवावं लागतं. मी पीक मोजते, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा. पीक नेहमी क्वासी-पीकच्या, म्हणजे नियमातल्या भारित आकड्याच्या, बरोबरीने किंवा वरच असतो, त्यामुळे पीक मर्यादेखाली असेल तर सहसा झोप लागते. पूर्ण पट्टा चाळायला वेळ लागतो आणि लोराचा क्षणभराचा पुकारा हमखास निसटतो, मॅक्स होल्डवर (सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवणारी सोय) ठेवून चहा पिऊन यावं लागतं. चार्जर जोडून मोजू नका, चार्जरचाच गोंगाट मोजाल. उन्हात पडदा दिसत नाही.

रेडिओची दुसरी हार्मोनिक, १७३० च्या आसपास, केबलने थेट जोडून बघता येते. युरोपच्या नियमात १ गिगाहर्ट्झच्या वर ती उणे ३० डीबीएमच्या, म्हणजे एका मायक्रोवॅटच्या, आत लागते. पण ३० डेसिबलचा अ‍ॅटेन्यूएटर न लावता बघाल तर यंत्र स्वतःचीच हार्मोनिक दाखवेल.

पैशांचं म्हणाल तर अहवाल लॅबकडूनच घ्यावा लागतो. एनएबीएलची मान्यता असलेली खासगी लॅब असो, पवईच्या आयआयटीच्या आवारातली समीर असो (समीर माणूस नव्हे, सरकारी संस्था) किंवा गाडीत बसणाऱ्या वस्तूंसाठी एआरएआय असो, माझे पार्किंगमधले आलेख तिथे कुणी बघणारही नाही. फरक एवढाच की गेटवेची दुसरी आवृत्ती मागच्या महिन्यात एका फेरीत पास झाली, १५० ला ३४ वर.

सध्या नोडच्या नव्या बॅटरी-चार्जरचा बोर्ड टेबलावर आहे. चिमटा लावला की ६० मेगाहर्ट्झच्या आसपास काहीतरी डोकं वर काढतंय, आणि या वेळी त्याला इथरनेट केबलच नाही. बहुतेक सोलर पॅनलची वायर. उद्या रात्री पार्किंगमध्ये बघते.