मॅककॅट-सीए: आरोपीच्या मानसिक क्षमतेची 22 प्रश्नांची चाचणी

मॅकार्थर कॉम्पिटन्स असेसमेंट टूल, क्रिमिनल ॲडज्युडिकेशन, म्हणजेच मॅककॅट-सीए, ही 1999 साली अमेरिकेत आलेली मुलाखत-चाचणी. आरोपी आजच्या घडीला खटल्याला सामोरा जाऊ शकतो का, एवढ्यापुरतीच ती आहे. गुन्ह्याच्या वेळी त्याची मनःस्थिती कशी होती, हा प्रश्न निराळा. त्यासाठी हिला हात लावू नये. कायद्याचा निकष अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1960 च्या डस्की निकालातला: वकिलाशी विचारपूर्वक बोलता यावं आणि कारवाई नुसती पाठ नको, उमजलेली हवी.

आकलनाचे 8 प्रश्न, तर्काचे 8 आणि स्वतःच्या परिस्थितीच्या जाणिवेचे 6. प्रत्येकी 0, 1 किंवा 2 गुण. वेळ साधारण 25 ते 55 मिनिटं. पहिले 16 प्रश्न एका काल्पनिक प्रसंगावर: पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळताना दोघांत जुंपते, एक जण काठी मारतो, दुसरा पडून गंभीर जखमी होतो.

चाचणीचा खरा कस आकलनाच्या भागात आहे. पहिल्या सहा प्रश्नांत उत्तर अपुरं आलं तर परीक्षक बरोबर उत्तर सांगतो आणि पुन्हा विचारतो. वकिलाचं काम कुणी कधी सांगितलंच नाही असा आरोपी आणि सांगूनही ज्याच्या डोक्यात टिकत नाही असा आरोपी, साध्या प्रश्नोत्तरांत सारखेच दिसतात. इथे ते वेगळे होतात. चूक नेमकी इथेच होते: आरोपी परीक्षकाचेच शब्द परत म्हणतो आणि घाईत पूर्ण गुण पडतात. ‘तुमच्या शब्दांत सांगा’ म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटच्या सहा प्रश्नांत गुण कारणाला मिळतात. ‘मला न्याय मिळणार नाही’ हे उत्तर आधीच्या शिक्षेमुळे असेल तर पटण्यासारखं आहे. न्यायाधीश रात्री भिंतीतून बोलतात म्हणून असेल, तर शून्य.

उणिवा गंभीर आहेत. सोंग ओळखण्याची सोय नाही. तशी शंका असेल तर ईसीएसटी-आर ही दुसरी क्षमता-चाचणी जोडीला घ्यावी, तिच्यात त्यासाठी वेगळे प्रश्न आहेत. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना ही भाषा जड जाते. त्यांच्यासाठी 50 प्रश्नांची कास्ट-एमआर ही चाचणी वेगळी बनवलेली आहे. आणि दुसऱ्याच्या भांडणावर नीट विचार करणारा माणूस स्वतःच्या खटल्याबद्दल पूर्ण भ्रमात असू शकतो. म्हणून त्याच्या स्वतःच्या आरोपांवर, पुराव्यावर आणि वकिलाशी असलेल्या संबंधावर स्वतंत्र मुलाखत घ्यावीच लागते.

तिन्ही भागांची बेरीज करायची नसते. ‘44 पैकी इतके’ असं अहवालात दिसलं की तो वाचणाऱ्या वकिलाने उलटतपासणीची तयारी करावी. प्रत्येक भागाचे गुण 729 आरोपींच्या नमुन्याशी ताडायचे असतात, आणि पास-नापासाची रेघ त्यात नाही.

नियमित अहवाल लिहिणाऱ्यांनी जरूर घ्यावी. औषधं बदलली किंवा सुनावणी महिनोन्‌महिने लांबली, तर जुने गुण बाजूला ठेवून पुन्हा घ्यावी.