एचएसपी७० अँटिबॉडी: रिकामी लेन आणि एक न पाठवलेले पत्र

ताणाखालच्या चेतापेशींत एचएसपी७० हे रक्षक प्रथिन किती तयार होते हे मोजण्यासाठी आम्ही नवी अँटिबॉडी, म्हणजे नेमक्या त्या प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारा रेणू, मागवली. तक्रार मुख्यतः पाठवणीची असल्याने कंपनीचे नाव देत नाही. थर्मोकोलचा खोका उघडला तेव्हा जेल पॅक पार वितळलेले होते. पहिल्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी; प्रत्येक नमुन्याची एक उभी लेन) उंदराच्या मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशींच्या लेनमध्ये, पेशी ४२ अंशांवर तापवूनही, काहीच उमटले नाही. तेव्हा माल वाटेतच खराब झाला असे ठरवून मी परताव्याचे पत्र लिहून ठेवले.

ते पाठवण्याआधी, सहकाऱ्याच्या आग्रहाखातर, तितक्याच तापवलेल्या ग्लिया पेशींचा (मेंदूतील, चेतापेशींना आधार देणाऱ्या) नमुना शेजारच्या लेनमध्ये चालवला आणि ७० किलोडाल्टन या वजनाच्या खुणेजवळ ठसठशीत पट्टा आला. दोष अँटिबॉडीचा नव्हताच. एचएसपी७० उलगडू लागलेल्या प्रथिनांचे चिकट भाग धरून ठेवते आणि एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून त्यांना पुन्हा नीट घडी घालण्याची संधी देते. विभाजन न होणाऱ्या चेतापेशीला खराब प्रथिने नव्या पेशींत वाटून टाकता येत नसल्याने तिला या मदतीची गरज अधिक. तरीही हे प्रथिन बनवण्याचा आदेश देणारा एचएसएफ१ हा घटक अनेक चेतापेशींत सहजासहजी जागा होत नाही, आणि त्या बऱ्याच अंशी एरवीही हजर असणाऱ्या एचएससी७० या भावंडावर विसंबतात. शास्त्रज्ञ रितोसा यांनी १९६२ मध्ये उष्णतेला मिळणारा हा प्रतिसाद प्रथम नोंदवला तो फळमाशीच्या लाळग्रंथींत. प्रत्येक पेशी तशीच वागेल हे मी उगाच धरून चालले होते.

या अँटिबॉडीचा खरा गुण इथेच दिसतो. आमची जुनी अँटिबॉडी एचएससी७० लाही चिकटत असल्यामुळे न तापवलेल्या पेशींतही पट्टा दाखवी, आणि त्यावर आम्ही, खेदाने सांगते, बरेच दिवस खूश होतो. नवी ही गल्लत करत नाही. मात्र डेटाशीटवर ‘चेतापेशींसाठी उपयुक्त’ असे छापून चित्र फक्त हीला या कर्करोगाच्या पेशींचे देणे मला पटत नाही, आणि त्यांनी सुचवलेल्या १:५००० प्रमाणात पातळ केल्यास पट्टा फिका येतो. १:१००० प्रमाणात, ४ अंशांवर रात्रभर ठेवल्यास तो स्वच्छ मिळतो.

दुसरी कुपी मागवली आहे. मागणीपत्रात ‘सोमवारीच रवाना करावी’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे.