दोन भिंगांचा जपानी डबा की रिकोफ्लेक्स?

एकावर एक दोन भिंगं, वर उघडणारी झडप, गळ्यात अडकवून मान खाली घालून बघायची पद्धत. जपानमधून येणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांत असे बरेच दिसतात आणि फोटोवरून सगळे भाऊभाऊ वाटतात. ही ठेवण १९२९ च्या जर्मन रोलायफ्लेक्समुळे रूढ झाली. पुढे जपानी कारखान्यांनी तिचे दोन प्रकार काढले: खरे टीएलआर (ट्विन लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे वरच्या भिंगातून फोकस बघून खालच्याने फोटो काढणारे), आणि नुसतं टीएलआरचं सोंग घेतलेले साधे बॉक्स कॅमेरे, म्हणजेच डबे. हातात पैसे घेऊन बसला असाल तर हा फरक आधी समजून घ्या.

बॉक्स कॅमेऱ्यात वरचं भिंग फक्त चौकट दाखवतं. आत आरसा असतो, वर फुगीर, स्वच्छ काच असते आणि चित्र छान लख्ख दिसतं. पण ते कायमच लख्ख दिसतं! समोरचा माणूस दोन हातांवर असो की मैदानापलीकडे, फोकस जमला की नाही हे काच सांगत नाही, कारण खालचं भिंग जागचं हलतच नाही. ते बहुधा एकपदरी असतं, छिद्र एफ ११ च्या आसपास (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर एका वेगाचं आणि जोडीला बल्ब, म्हणजे बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं. साधारण तीन मीटरच्या पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं, कडांना मऊपणा असतो. त्याच्या अलीकडे चेहरा धूसर.

रिकोफ्लेक्स हा खरा टीएलआर, पण दिसायला तितकाच गरीब. रिकेन कंपनीने १९५० मध्ये काढलेलं तिसरं मॉडेल जपानच्या मध्यमवर्गाला परवडणारं होतं आणि तिथल्या टीएलआरच्या लाटेला त्यानेच जोर दिला. यात दोन्ही भिंगांच्या कडांना दाते आहेत. एक फिरवलं की दुसरं फिरतं. एवढ्या साध्या युक्तीने काम भागवलं, म्हणून तो स्वस्त पडला. भिंग ८० मिमी, एफ ३.५, तीन काचांचं. वरची काच दुधी, त्यामुळे कडेला अंधारी, पण फोकस खरोखर दिसतो. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, ते दोन्हींत सारखंच. चालत्या माणसामागे कॅमेरा फिरवताना पहिल्यांदा सगळ्यांचीच तारांबळ उडते.

आता उजेड. कडक उन्हात १०० आयएसओच्या (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) फिल्मला एफ १६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. डब्याचं शटर साधारण पन्नासाव्या भागाचं धरलं, तर फिल्मवर चौपट उजेड पडतो. निगेटिव्ह तेवढं सोसते. घरात किंवा संध्याकाळी मात्र डबा हातात धरून काही होत नाही, तिपाई आणि बल्ब लागणारच. रिकोफ्लेक्सवर छिद्र उघडता येतं, शटरलाही पंचविसावा, पन्नासावा, शंभरावा असे टप्पे मिळतात.

फिल्मचा प्रश्न दुकानदार सांगत नाहीत. रिकोफ्लेक्स १२० मापाचा रोल घेतो, बारा चौरस फोटो, आणि तो आजही मिळतो. डब्यांतले काही १२० घेतात, काही १२७ आणि काही अगदी खेळण्यातले बोल्टा मापाचे. १२७ शोधता शोधता नाकी नऊ येतात. बोल्टा मापाचा डबा शोभेलाच घ्यावा.

तरी डब्याची एक बाजू मला मान्य आहे: त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. रिकोफ्लेक्सच्या दात्यांतलं ग्रीस वाळून भिंग अडकतं, आणि कुणी दुरुस्तीत दाते एका घराने चुकवून बसवले, तर काचेत नेमका दिसणारा फोकस फिल्मवर पडतच नाही. तपासायला सोपं आहे. मागचं झाकण उघडा, फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावा, शटर बल्बवर उघडं धरा आणि दूरची इमारत दोन्हीकडे एकाच वेळी स्पष्ट होते का बघा.

फोटो काढायचे असतील तर माझं मत रिकोफ्लेक्सला. उन्हातले स्वप्नाळू फोटो हवे असतील, किंवा मुलाच्या हाती बिनधास्त द्यायचा असेल, तर १२० चा डबा, तोही स्वस्तात मिळाला तरच. टीएलआरसारखा दिसतो म्हणून जास्त पैसे मोजू नका. वर्णनात काहीही लिहिलेलं असो, झडप उघडून वरून काढलेला काचेचा फोटो मागवा. फुगीर, आरपार काच म्हणजे डबा. सपाट, दुधी असेल तर भिंग फिरवल्यावर चित्र बदलतं का, हे व्हिडिओवर दाखवायला सांगा. आणि जपानी विक्रेत्याने ‘जंक’ असा शेरा मारला असेल, तर चालण्याची हमी नाही आणि बहुधा परतही घेणार नाही, हे धरूनच टपालखर्च आणि सीमाशुल्काचा हिशेब करा.