राजमाची, भंडारदरा की भीमाशंकर? तंबूतल्या एका रात्रीसाठी

शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री घरी. झाडं हवीत, डोंगर हवा, तंबू तर हवाच, आणि लेक नऊ वर्षांचा आहे हे विसरू नकोस. ठाण्याच्या आतेबहिणीने फोनवर एवढ्या अटी घातल्या आणि वर तीन नावं टाकली: राजमाची, भंडारदरा, भीमाशंकर. पाऊस ओसरला की हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून तिला दिलेलं उत्तर जरा ऐसपैस लिहून ठेवतोय.

भीमाशंकर आधीच बाजूला काढतो. जंगल म्हणून पाहिलं तर तिघांत तेच सरस. भर दुपारी पायवाटेवर उजेड झिरपतच येतो, आणि शेकरू बघायला मिळायची खरी शक्यता तिथेच. पण सुमारे १३० चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू, त्यामुळे मनाला येईल त्या झाडाखाली तंबू ठोकता येत नाही आणि ते योग्यच आहे. दुसरं म्हणजे शेकरू दिवसा वावरतो. रात्री तो घरट्यात झोपलेला असताना तुम्ही तंबूत जागून काय मिळवणार? देवस्थानाजवळ खोली घ्या, पहाटे उठून गुप्त भीमेच्या वाटेला लागा, मान वर ठेवा. श्रावण, महाशिवरात्र आणि सोमवार टाळा, नाहीतर शेकरूऐवजी दर्शनाची रांगच बघाल. खांडसहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने चढणं हा वेगळा बेत आहे, त्यातला शिडी घाट मुलाला घेऊन तर नकोच.

राहिले दोन. यांत निवड करताना लोक फोटो बघतात. मी एकच प्रश्न विचारतो: रात्री दोन वाजता तंबू सोडावा लागला तर कुठे जाल? पाऊस कोसळेल, पोरगं तापेल, एखादी खुंटी उखडून वारा आत घुसेल. यातलं काही ना काही पहिल्या रात्री होतंच.

राजमाचीला याचं उत्तर आहे उधेवाडी. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेलं हे छोटं गाव. तंबू गावातल्याच एखाद्या अंगणात किंवा खाचराच्या कडेला लागतो आणि पन्नास पावलांवर कुणाची तरी ओसरी असते. आम्हीही एका ऑक्टोबरात तसेच पळालो होतो. विजा चमकायला लागल्यावर घरातल्या मावशींनी स्वतःच हाक मारली, "या आत, पोरं भिजतील." सतरंज्या अंथरल्या, चुलीवर चहा ठेवला. तंबू सकाळी उलटा करून पाणी ओतून काढलं.

पोचायच्या वाटा दोन. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे साधारण पंधरा-सोळा किलोमीटर, चढ फारसा नाही, पण रस्ता असा की शहरातली गाडी नेऊ नये. कोरड्या दिवसांत तिथे जीप चालते, लहान मुलासोबत तीच घ्या. दुसरी वाट कर्जतकडून. स्टेशनबाहेरून टमटमने कोंदिवडे, मग कोंढाणे लेणी बघत अडीच-तीन तासांचा खडा चढ. चढताना घाम निघतो, उतरताना गुडघे बोलतात. माझा आवडता बेत म्हणजे जीपने वर जायचं आणि दुसऱ्या दिवशी लेण्यांकडे उतरून कर्जत लोकल पकडायची. नऊ वर्षांचं मूल सकाळी लवकर निघालं तर हे जमवतं, बाबांचं सांगता येत नाही.

झाडी इथे भीमाशंकरइतकी दाट नाही, पण संध्याकाळी श्रीवर्धनवरून ढाकच्या बाजूचे कडे बघितले की ती उणीव राहत नाही. जेवणाचं दुपारीच सांगून ठेवायचं: तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. नखरे चालत नाहीत.

भंडारदऱ्याचा थाट निराळा. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण, प्रवरेचं अडवलेलं पाणी, मागे रतनगड आणि एका अंगाला १६४६ मीटरचं कळसूबाई. थेट गाडीने पोचता येतं: मुंबईहून घोटीपर्यंत महामार्ग, तिथून वळलात की बारी, मग शेंडी. रेल्वेने जायचं तर इगतपुरी किंवा कसारा गाठून पुढे जीप-एसटी करत बसावं लागतं, त्यात अर्धा शनिवार जातो. पुण्याहून तर पाच तास धराच.

तंबू इथे भाड्याने तयार मिळतात. माणशी हजार-दीड हजाराच्या आसपास, जेवणखाण आणि सकाळचे पोहे धरून. पण "लेकसाइड" या शब्दाला भुलू नका. एका डिसेंबरात आम्ही काठावरच्या अशाच एका ठिकाणी गेलो होतो. आयोजकाने शेकोटी पेटवली, स्पीकर लावला आणि रात्री एकपर्यंत 'झिंगाट' वाजवलं. जंगलातला आवाज ऐकायला भाचीला मुद्दाम नेलं होतं, ती कानात कापूस घालून झोपली. तेव्हापासून मी शेंडीजवळ थांबतच नाही. धरणाला वळसा घालून रतनवाडीला किंवा साम्रदला जातो. पैसे देण्याआधी फोनवर दोनच गोष्टी विचारतो: स्पीकर आहे का, आणि शौचालय तंबूपासून किती पावलं. दुसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो त्याच्याकडे जायचं नाही.

रतनवाडीला जुनं दगडी अमृतेश्वर मंदिर आहे. पहाटे गर्दी नसते, पुष्करणीवर धुकं असतं. साम्रदची सांदण दरी मुलांना वेड लावते. पावसाळ्यात मात्र तिच्या वाटेला जाऊ नका. त्या चिंचोळ्या घळीत पाणी अचानक चढतं आणि बाजूला सरकायलाही जागा नसते.

थंडीत दोन्हीकडे फरक जाणवतो. भंडारदऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तर नवल नाही, आणि पाण्यावरून येणारा वारा अंगाला झोंबतो. तिथे नवखी माणसं हमखास एक चूक करतात. गारठा नको म्हणून तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद करून झोपतात. पहाटे श्वासाची वाफ कापडावर धरते, थेंब थेंब चेहऱ्यावर पडतात आणि मग "तंबू गळतो" अशी तक्रार. वरची एक झडप चार बोटं उघडी ठेवा. आणि पांघरुणापेक्षा अंगाखालची चटई जाड घ्या, थंडी जमिनीतून येते.

काजव्यांसाठी जाणार असाल तर मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. दोन्ही जागा चांगल्या. भंडारदऱ्याला हिरडा, बेहडा, सादड्यावर अख्खं झाड लुकलुकतं, पण शनिवारी गाड्यांची रांग लागते आणि हेडलाइटमुळे काजवे विझतात. राजमाचीला गर्दी होते, पण उधेवाडीपासून थोडं चालत गेलात की अंधार मिळतो. टॉर्चला लाल कागद लावा, तोही पायाशी. पाऊस लागल्यावर मात्र कुठेच तंबू नको. राजमाचीला घरात झोपा, मजा तेवढीच येते.

तर बहिणीला सांगितलं: राजमाची. पहिलीच रात्र आहे, ओसरी जवळ आहे, आणि मुलाला थोडं चालणंही होईल.

संध्याकाळी तिचा परत फोन. सासूबाईही येतायत, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालंय. मग जीपचे ते धक्के कशाला? रतनवाडीला, गाडीतून थेट दारात, त्यांच्यासाठी गावातल्याच घरात एक खोली आणि अंगणात या तिघांचा तंबू. तंबू माझा नेतेय. खुंट्या मोजून दिल्यात, चौदा.