ट्रेकसाठी स्वस्त आणि हलका चाकू: मोरा कम्पॅनियन

चार पावसाळे झाले मोराचा कम्पॅनियन वापरतेय, स्टेनलेसवाला. जून आला की ग्रुपवर कोणीतरी विचारतंच की ट्रेकला चाकू कुठला घेऊ, म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी माझ्याकडे घडीचा होता. हरिश्चंद्रगडावर रात्री खिचडीचे कांदे चिरले, पुसायचा राहून गेला, सांध्यात चिखल आणि कांद्याचा रस वाळला आणि घरी आल्यावर तो उघडेचना. कम्पॅनियन फिक्स्ड ब्लेडचा, म्हणजे घडी न होणारा, त्याला सांधाच नाही, पाण्याखाली धरा, पुसा, झालं.

हा स्वीडनमधल्या मोरा गावचा. चाकू ८५ ग्रॅमच्या आसपास, म्यान धरून १२० च्या आत, पातं १० सेंमीपेक्षा जरासं मोठं आणि जाडी अडीच मिमी. सह्याद्रीत यापेक्षा मोठं पातं लागतंच कुठे? काकडी, दोरी, मॅगीची पाकिटं, आणि चुलीसाठी भिजलेल्या काटकीची साल काढून आतल्या कोरड्या लाकडाच्या ढलप्या. या ढलप्या तो इतक्या सुंदर काढतो की हातात घेतल्यावरच कळेल. मूठ रबरी आहे, ओल्या हातातून सटकत नाही, आणि म्यानाला खाली भोक असल्यामुळे आत पाणी साचत नाही.

आता कमी काय ते पण सांगते. पातं मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे वरून ठोकून ओंडके फोडायला हा नाही. बटाटा चिरताना पाचर मारल्यासारखा फुटतो, घरच्या सुरीसारख्या पातळ चकत्या विसरा. मोराचाच छोटा चाकू, पातं ५९ मिमीचा एल्ड्रिस पण हातात घेऊन बघितला, गोड आहे पण पातेल्यात चारजणांची भाजी चिरायला फारच छोटा पडतो.

कार्बन स्टीलचा पण मिळतो, धार लावायला सोपा, पण जुलैत भिजलेल्या सॅकमध्ये राहिला तर एका रात्रीत तांबूस डाग धरतो, त्यामुळे आपल्याकडे स्टेनलेसच घ्या. त्याला धार लावणं पण अवघड नाही, धारेकडचा रुंद उतार दगडावर सपाट टेकवायचा आणि फिरवायचा, कोनाचा अंदाज घ्यायची गरजच नाही.

आणि हो, हिमालयात विमानाने जाणार असाल तर चेक-इनच्या सॅकमध्येच टाका, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. मेट्रोच्या तपासणीत पण अडवतात.