उद्यमनगरातली ‘रशियन’ केटलबेल, १६ किलो

आधी वजनाचं सांगतो, कारण घेणाऱ्याला तेच हवं असतं. केटलबेल म्हणजे वर मूठ असलेला, झुलवायचा ओतीव लोखंडी गोळा. हिच्या अंगावर ‘१६’ असा आकडा ओतलाय, काट्यावर भरली १५ किलो ४२० ग्रॅम. काटा घरचा नव्हे, मार्केट यार्डातल्या एका गूळवाल्याचा, माझ्या शाळासोबत्याचा. गुळाच्या रव्यांशेजारी ही काळी ढेरपोटी ठेवली तेव्हा हमालसुद्धा हसायला लागले.

दुकानाचं नाव देत नाही. मालक ओळखीचा आहे आणि पुढं त्याची तक्रारच करणार आहे. २,२०० रुपये घेतले. वर लाल स्टिकर, ‘रशियन केटलबेल’. मी विचारलं, “रशियासनं आलीया व्हय रे?”

“शिरोलीसनं आलीया काका. पर डिझाइन रशियन.”

एवढं मात्र खरं बोलला. रशियात हिला गिर्या म्हणतात, आणि ती मुळात व्यायामाची वस्तू नव्हेच. धान्य तोलायचं वजन ते. पूद हे तिकडचं जुनं माप, एक पूद म्हणजे १६ किलो ३८० ग्रॅम. बाजारात तोलून झालं की गडी पैजा लावून तेच उचलायचे, त्यातून खेळ झाला. म्हणजे माझ्याकडं आलंय ते तोलायचं माप, आणि तेच मापात अर्ध्या किलोहून जास्त कमी! मालकाला फोन केला तर म्हणतो, “तेवढ्यानं काय दंड बारीक व्हतोय व्हय काका?”

आता ओतकाम. चौतीस वर्षं मी फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये काढली, त्यामुळं या बाबतीत माझी नजर जरा वाईट आहे. पॅटर्न म्हणजे साचा उठवायचा लाकडी नमुना. तो दोन तुकड्यांचा असतो, वरच्या पेटीत एक, खालच्या पेटीत एक. दोन्ही पेट्या जिथं मिळतात तिथं मालावर एक बारीक धार उरते. या गिर्येत ती धार बरोबर मुठीच्या आतल्या अंगानं गेलीय. फेटलिंगवाल्यानं, म्हणजे ओतलेला माल साफ करणाऱ्यानं, ग्राइंडर फिरवायला हवा होता, त्यानं नुसता काळा रंग फिरवलाय. तिसऱ्या दिवशी अनामिकेच्या मुळाशी कातडं सोललं. मग मीच अर्धगोल कानस घेतली, दोन संध्याकाळी घासली, वर पॉलिश पेपर मारला. बुडाला एक ब्लोहोल, म्हणजे हवा अडकून पडलेलं भोक होतं, लांबी (पुट्टी) भरून झाकलेलं. नखानं टोकरलं तर निघालं. बूड सपाट नाही, फरशीवर ठेवली की डुलते. मूठ ३८ मिलिमीटर जाड आहे. स्पर्धेच्या गिर्येची ३५ असते. तीन मिलिमीटरनं काय होतं असं वाटेल, पण वीस वेळा झुलवल्यावर बोटं सांगतात काय होतं ते.

लोखंड चांगलं आहे. वाजवून बघितली, भेग नाही.

स्टिकरवर ‘रशियन’ वाचल्यावर मला जी आठवण आली ती आता सांगतो. कुणाला फक्त मालाशी मतलब असेल त्यानं खाली जावं.

१९८२ साल असेल, मी अठराचा. पेठेतल्या तालमीत राहायला होतो. लक्ष्मीपुरीतल्या रद्दीवाल्याकडं एक परदेशी मासिक मिळालं, त्यात अर्नोल्ड श्वार्झनेगरचा पानभर फोटो. कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. पहाटे मेहनतीला उठलं की झाकण उघडून आधी त्याचं दर्शन, मग लंगोट. एकदा वस्तादांनी बघितलं.

“ह्यो कुठल्या तालमीचा?”

“अमेरिकेचा हाय वस्ताद.”

“कुणाला पाडलंय ह्यानं?”

मला उत्तरच देता येईना. ‘कुणालाच नाही, नुसता उभा राहतो’ असं कसं सांगणार? फोटो निघाला. वर पाचशे जोर, ते वेगळेच. तालमीत आरसा म्हणून एक फुटका तुकडा होता, भांग पाडण्यापुरता. छातीच्या खालचं काही त्यात दिसायचंच नाही.

गंमत म्हणजे घरी वडिलांना सांगितलं तर तेही वस्तादांच्याच बाजूनं. वडील मोल्डर, म्हणजे फाउंड्रीत साचे भरणारे, लाल बावट्याच्या युनियनचे. वस्ताद पक्के काँग्रेसवाले. आयुष्यात दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं. वडील म्हणाले, “हे भांडवलदारांचे चाळे. अंग कामासाठी असतंय, मांडून ठेवायला नव्हं.” घरात रशियाहून येणारी गुळगुळीत कागदाची मासिकं असायची. आमच्या पिढीनं वह्यापुस्तकांना त्यांचीच कव्हरं घातली. त्यात ट्रॅक्टर, धरणं, जिम्नॅस्टिकच्या पोरी, वजन उचलणारे दांडगे गडी सगळं असायचं. पण तेल लावून दंड फुगवून उभा राहिलेला माणूस एकाही पानावर नसायचा. तेव्हा वाटायचं, तिकडं कुणाला ते आवडत नसेल. तसं नव्हतं हे पुष्कळ उशिरा वाचनातून कळलं.

आवडत होतं, पण सरकारला चालत नव्हतं. सोव्हिएत राज्यात व्यायामाला ध्येय लागायचं. १९३१ पासून ‘श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज’ नावाच्या सरकारी कसोट्या होत्या. पळा, पोहा, उड्या मारा, पास झालात की छातीला बिल्ला. शरीरसौष्ठवाला तिकडं ‘कुल्तुरिझ्म’ म्हणायचे, आणि त्या शब्दाला वास यायचा परदेशाचा, स्वतःच्या प्रेमात पडल्याचा. म्हणून सभ्य नाव काढलं, ‘अ‍ॅथलेटिक जिम्नॅस्टिक्स’. गेओर्गी तेन्नो नावाचा एक नौदलातला माणूस, स्तालिनच्या छळछावणीतून पळालेला आणि परत धरलेला. त्यानं युरी सोरोकिनबरोबर या व्यायामावर पुस्तक लिहिलं. ते छापून आलं १९६८ ला, तेन्नो वारला त्याच्या आदल्याच वर्षी. पोरांनी ते पोथीसारखं वाचलं. आणि १९७३ च्या जानेवारीत क्रीडा समितीनं फर्मान काढून शरीरसौष्ठवाला चुकीच्या वाटेचा व्यायाम ठरवलं. त्याच फर्मानात योग, पत्त्यातला ब्रिज आणि बायकांचा फुटबॉलसुद्धा होता. फुटबॉलवरून पेठापेठांत जीव टाकणाऱ्या कोल्हापुरात असलं फर्मान कुणी काढून दाखवावं!

वस्तादांचा प्रश्न आणि त्या समितीचा प्रश्न एकच होता बघा. कुणाला पाडलंय ह्यानं?

वस्तादांना रशियाविषयी आदरच होता, पण तो कुस्तीमुळं. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी ब्राँझ आणलं. त्यांना जपानच्या इशीशी झुंजल्यावर पुरेशी विश्रांती न देता लगेच रशियाच्या रशीद मामदबेयोवपुढं उभं केलं. इशीला सोनं, मामदबेयोवला रौप्य. सोव्हिएत रशियाचं ते पहिलंच ऑलिंपिक. वस्ताद सांगायचे, “त्या गड्यांचं दंड दिसायचं न्हाईत, पर धरलं की सुटायचं न्हाईत.”

आता फोटोचं पुढचं ऐका. माझ्या ट्रंकेतला अर्नोल्ड, तो स्वतः चौदा वर्षांचा असताना व्हिएन्नाला गेला होता, वेटलिफ्टिंगची जागतिक स्पर्धा बघायला. १९६१ साल. तिथं त्याला युरी व्लासोव भेटला. रोम ऑलिंपिकचा रशियन विजेता, २०२.५ किलो डोक्यावर नेलेला, चष्मा लावणारा. पोरानं त्याच्याशी हात मिळवला आणि घरी येऊन त्याचा फोटो पलंगावर लावला. बाप रशियाविरुद्ध लढून जखमी झालेला. म्हणाला, काढ तो, एखादा जर्मन नाहीतर ऑस्ट्रियन लाव. पोरानं काढला नाही. २०२२ मध्ये अर्नोल्डनं रशियन लोकांना उद्देशून जो व्हिडिओ केला त्यात हे स्वतः सांगितलंय. पुढं तो मॉस्कोला शूटिंगला गेला तेव्हा व्लासोवनं त्याला एक निळा कप दिला, त्यातच रोज सकाळी कॉफी पितो म्हणाला. हे ऐकलं तेव्हा मी जेवत होतो, घास तसाच राहिला. त्यानं फोटो ठेवला, मी काढला. (तेवढाच फरक नाही आमच्यात, कबूल.)

आणि १९८७ ला सोव्हिएत सरकारनं शेवटी नाक मुठीत धरून या व्यायामाचा संघ मान्य केला, तेव्हा अध्यक्षपदी बसवला कुणाला? व्लासोवला.

तोवर पोरं थांबली नव्हतीच. मॉस्कोच्या कडेला ल्युबेर्त्सी नावाचं कारखान्यांचं गाव आहे. तिथल्या पोरांनी चाळींच्या तळघरात व्यायामशाळा थाटल्या, भंगारातल्या लोखंडाला वेल्डिंग मारून बार आणि वजनं केली. ऐंशीच्या दशकात हीच पोरं चौकड्याच्या विजारी घालून मॉस्कोत जायची आणि लांब केसवाल्यांना, पाश्चात्त्य फॅशनवाल्यांना बडवून काढायची. अमेरिकेची बॉडी पाहिजे, अमेरिकेची केशभूषा नको! हे गणित मला अजून सुटलेलं नाही, पण आपल्याकडंही असली पोरं मी बघितलीत. या गावाची माझी ओळख मात्र वेगळी. युरी गागारिन ल्युबेर्त्सीच्याच शाळेत फाउंड्रीचं काम शिकला, मोल्डर म्हणून. वडील हे दर पगाराला एकदा तरी सांगायचे. “अंतराळात पयला कोण गेला? मोल्डर गेला.”

सगळ्या लाल देशांचं एकच धोरण होतं असंही नाही. पोलंड-चेकोस्लोव्हाकियात पुष्कळ सैल होतं. चीननं १९५३ च्या सुमारास हा प्रकार भांडवलशाही म्हणून बंद केला आणि तीस वर्षांनी शांघायला पुन्हा स्पर्धा घेतली. १९८६ ला शेनझेनला बायका बिकिनीत मंचावर आल्या तेव्हा देशभर गहजब. पूर्व जर्मनीत ‘बॉडीबिल्डिंग’ हा शब्द नको म्हणून ‘क्योर्परकुल्टुरिस्टिक’ असा मालगाडीएवढा शब्द काढला. आणि याच पूर्व जर्मनीनं १९७४ पासून खेळाडूंना सरकारी योजनेतून ओरल-टुरिनाबॉल या हार्मोनच्या गोळ्या चारल्या, कित्येकींना जीवनसत्त्वं म्हणून सांगून. आरशापुढं उभं राहणं वाईट, पण पदकासाठी पोरींच्या पोटात हार्मोन घालणं चालतंय. वडील असते तर हे त्यांना वाचून दाखवलं असतं. भांडण झालं असतं.

माझा पुतण्या राजारामपुरीतल्या एसी जिमला जातो. चारी भिंतींना आरसे. त्याच्या कपाटात पावडरीचे डबे बघितले की मला त्या गोळ्या आठवतात, म्हणून डब्यावरचं बारीक अक्षर मी भिंगानं वाचून घेतो. तो वैतागतो. “काका, प्रोटीन आहे नुसतं.” गिर्या बघून म्हणाला, “हिनं मसल येत नाय, काका.” बरोबरच आहे. हिनं दंड फुगत नाही. रशियात गिर्येला कधी कुणी नावं ठेवली नाहीत ती त्यामुळंच. पलटणीत चालली, खेड्यात चालली, आणि १९८५ ला लिपेत्स्कला तिची देशपातळीची पहिली स्पर्धा झाली.

वापराचं सांगतो. मी एकसष्टचा. उजवा गुडघा तालमीत दिलेला, त्यामुळं बैठका बंद. दोन महिने रोज सकाळी गच्चीवर दोन्ही हातांनी दहा-दहाच्या पाच फेऱ्या झुलवतो. मुठीच्या आतली जागा अरुंद आहे, माझे दोन पंजे कसेबसे मावतात. मोठ्या हाताच्या माणसानं घेऊ नये. ताकद लागते ती कमरेत आणि मांड्यांत, आणि दम असा लागतो की आमच्या तालमीतला दगडी नाल आठवतो. त्यालाही अशीच मधे मूठ कोरलेली असायची. नाल उचलून ठेवायचा. ही झुलते, म्हणून खांद्याला बरी. पाठ वाकवून झुलवली तर मात्र दुसऱ्या दिवशी उठवत नाही, हा अनुभव पहिल्याच आठवड्यात घेतला. रंग पंधरा दिवसांत उडाला. एरवी सौ. हिला वाऱ्यानं आपटणाऱ्या स्वयंपाकघराच्या दाराला लावते. “अहो, तुमची रशियन हलवा, मला चपात्या करायच्यात” हे रोजचं.

घ्यावी का? कानस हाताशी असेल आणि काट्यावर तोलून पैसे द्यायची तयारी असेल तर घ्यावी. नसेल तर हात सोलून घ्याल. पाचात तीन.

मागच्या आठवड्यात २४ किलोची बघायला पुन्हा गेलो. तीच धार, तसंच डुलणारं बूड. मी मालकाला सगळं बोट लावून दाखवलं. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग चहा मागवला. “काका, तुम्हीच पॅटर्न करून द्या की.”

आता घरी सागवान आणलंय. लोखंड थंड होताना शेकडा एक आकसतं, म्हणून मुठीला ३५ च्या जागी ३५.३५ धरलंय, आणि दोन पेट्यांची जोडरेघ मुठीच्या आतून काढून बाहेरच्या अंगाला घेतलीय. अंगावर आकडा १६ चाच राहील. स्टिकर काय लावायचं ते त्याचं तो बघू दे.